नगराची हद्द आणि नदीची हद्द

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याच्या प्राध्यापकपदी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाची नेमणूक केली, तेव्हा नगररचनेच्या क्षेत्रात त्यांचा लौकिक सर्वदूर पसरलेला होता. परंतु गेडीस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, आणि नगरांकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही अखेरपर्यंत निसर्गाभ्यासकाचीच राहिली. नगराचे स्वरूप समजावून देण्यासाठी ते एका खोऱ्याचे छेदचित्र काढून दाखवीत. त्या चित्रात एका टोकाला पर्वतशिखर, दुसऱ्या टोकाला समुद्र, आणि मधल्या उतारावर खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी व कोळी असे एकेका व्यवसायाचे लोक क्रमाने वसलेले दिसत. नगर हे या साऱ्या उताराचे अपत्य आहे, व म्हणून ज्याला नगराचे भवितव्य जाणून घ्यावयाचे असेल त्याने आधी डोंगरमाथ्यापासून किनाऱ्यापर्यंतचे सारे खोरे पायाखाली घालावे, असा त्या चित्राचा इत्यर्थ होता.

या शिकवणीला आता शंभर वर्षे उलटून गेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे त्या साली जगातील ५५ टक्के माणसे नागरी वस्तीत राहत होती आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. टोकियो म्हणून जी अखंड वस्ती ओळखली जाते ती टोकियो, कानागावा, सायतामा आणि चिबा अशा चार प्रांतांवर पसरलेली असून तिच्यात सुमारे पावणेचार कोटी लोक नांदतात. मेक्सिको नगराची वस्ती आपली वेस ओलांडून शेजारच्या राज्यांत केव्हाच शिरली आहे. अशा विस्ताराला नगर म्हणण्यापेक्षा नगरप्रदेश म्हणणे अधिक युक्त ठरेल. या नगरप्रदेशांवर येत्या काळात ज्या आपत्ती कोसळणार आहेत, मग ती अतिवृष्टी असो, अवर्षण असो, खचणारी भूमी असो की चढता समुद्र असो, त्यांपैकी एकीलाही नगरपालिकेची हद्द ठाऊक नाही; कारभार मात्र हद्दीच्या आतच चालतो. पाणी उताराचा हुकूम मानते आणि अधिकारी कचेरीचा. या दोन हद्दींमधील विसंगती ज्यांनी मिटवली ती नगरे मोठमोठ्या आघातांतून सावरली, आणि ज्यांना ती मिटवता आली नाही त्यांनी अपार द्रव्य ओतूनही एका संकटाचे रूपांतर दुसऱ्या संकटात करण्यापलीकडे फारसे काही साधले नाही. हे विधान चार खंडांतील काही नगरांच्या वृत्तांतावर पडताळून पाहण्याचा या प्रकरणाचा उद्देश आहे.

तळ्यावरचे नगर

समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी पर्वतांनी वेढलेल्या आणि पाण्याला बाहेर पडण्यास नैसर्गिक वाट नसलेल्या एका द्रोणीत आज मेक्सिको नगर वसले आहे. १३२५ च्या सुमारास अझ्टेक लोकांनी तेथील तेश्कोको सरोवरातील एका बेटावर तेनोच्तित्लान ही आपली राजधानी वसवली. सरोवराच्या एका भागात पाणी गोडे तर दुसऱ्या भागात खारे, आणि पावसाळ्यात दोन्ही एक होऊन नगरात शिरत. तेव्हा पंधराव्या शतकाच्या मध्यास, शेजारच्या तेश्कोको राज्याचा अधिपती नेसावालकोयोत्ल याच्या योजनेनुसार सरोवरातून एक लांबलचक बांध घालण्यात आला, की ज्यामुळे खारे पाणी पलीकडे अडले आणि नगराभोवती गोड्या पाण्याचे व तरत्या भासणाऱ्या मळ्यांचे एक सुरक्षित वर्तुळ तयार झाले. तेनोच्तित्लानचे रक्षण करणारा हा बांध शेजारच्या राजाच्या बुद्धीतून निघाला आणि सरोवरकाठच्या अनेक नगरांच्या श्रमांतून उभा राहिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने हे नगर जिंकले. वेढ्याच्या धामधुमीत बांध भंगला, आणि नव्या सत्ताधाऱ्यांना सरोवरासह राहण्याची विद्या अवगत नसल्यामुळे त्यांनी सरोवरच नाहीसे करण्याचा घाट घातला. १६०७ साली एन्रिको मार्तिनेस या अभियंत्याच्या देखरेखीखाली डोंगर फोडून पाणी द्रोणीबाहेर काढण्याचे काम सुरू झाले; तरीही १६२९ मध्ये जो महापूर आला त्याचे पाणी नगरातून पुरते ओसरण्यास पाच वर्षे लागली. तीन शतके हा उपद्व्याप चालू राहिला, आणि १९०० साली राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या हस्ते द्रोणीतील पाणी बाहेर नेणाऱ्या महाकालव्याचे उद्घाटन झाले तेव्हा सरोवराशी चाललेले युद्ध नगराने जिंकले असेच सर्वांना वाटले.

विजयाची किंमत जमिनीखाली मोजली जात होती. सरोवर आटले तरी त्याच्या तळाची मऊ, पाण्याने भरलेली चिकणमाती नगराखाली तशीच राहिली होती. वाढत्या लोकसंख्येची तहान भागवण्यासाठी विहिरी खोदून भूजल उपसले जाऊ लागले, तसतशी ती माती आकसू लागली आणि तिच्यावरचे नगर खाली जाऊ लागले. उपसा आणि खचणे यांचा कार्यकारणसंबंध नाबोर कारिल्यो या अभियंत्याने १९४७ मध्ये सप्रमाण सिद्ध केला. पुराव्याची उणीव मुळीच नव्हती: स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १९१० मध्ये उभारलेल्या विजयस्तंभाचा पाया खोलवर रोवलेला असल्यामुळे तो जागीच राहिला, भोवतालचा रस्ता मात्र खाली खाली जात राहिला, आणि स्तंभाच्या चौथऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुढे चौदा पायऱ्या नव्याने बांधाव्या लागल्या. नगराचा मध्यभाग काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास खचला. ज्या महाकालव्यातून सांडपाणी केवळ उताराने वाहून जावे अशी योजना होती त्याचा उतारच नाहीसा झाला, आणि एकेकाळी आपोआप निघून जाणारे पाणी पंपांनी उचलून फेकण्याची पाळी आली.

यावर उपाय म्हणून मध्यभागातील विहिरी बंद करण्यात आल्या, परंतु उपसा कमी झाला नाही. विहिरींनी आपला मुक्काम नगराच्या दक्षिण व उत्तर सीमेकडे हलवला, आणि मध्यभागाचे खचणे मंदावले त्याच सुमारास त्या सीमावर्ती, मुख्यतः गरीब वस्त्यांखालची भूमी झपाट्याने खचू लागली. १९८२ पासून कुत्सामाला योजनेतून शंभर किलोमीटरहून दूरचे पाणी हजार मीटरहून अधिक उंच उचलून नगरात आणले जाते. पण ज्या मासावा आदिवासींच्या प्रदेशातून हे जलवाहिन्यांचे जाळे जाते तेथील अनेक गावांत नळ नव्हते, आणि २००४ मध्ये तेथील स्त्रियांनी या योजनेच्या दारातच आंदोलन पुकारले. दुसऱ्या टोकाला नगराचे सांडपाणी द्रोणीबाहेर इदाल्गो राज्यातील शेतांवर जाते. तात्पर्य, पिण्याचे पाणी एका शेजाऱ्याकडून घ्यावे, मैला दुसऱ्याच्या शिवारात सोडावा आणि दोघांशी कसलाही बरोबरीचा व्यवहार ठेवू नये, असा हा कारभार. त्यातच १९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्यावर, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरहून दूर, भूकंप झाला तेव्हा भोवतालच्या खडकाळ टेकड्यांवरील घरे बहुतांशी शाबूत राहिली आणि जुन्या सरोवराच्या तळावरील शेकडो इमारती जमीनदोस्त झाल्या. कारण त्या मऊ मातीने दूरवरून आलेले कंप अनेक पटींनी वाढवले. नगराने सरोवराला नकाशातून खोडून टाकले होते, सरोवराने आपली जागा सोडलेली नव्हती.

खचणारी भूमी स्थिरावते कशी

टोकियोचा इतिहास याच प्रश्नापाशी सुरू होतो, पण निराळ्या वाटेने जातो. हे नगर एदो या नावाने तोकुगावा शोगुनांची राजधानी झाले, त्या सतराव्या शतकात तोने ही महानदी एदोच्या उपसागराला मिळत असे. शोगुनांच्या अधिकाऱ्यांनी अनेक दशके खपून तिचा प्रवाह पूर्वेकडे वळवला आणि तिला चोशीपाशी महासागराच्या स्वाधीन केले. परंतु वळवलेली नदी आपला जुना मार्ग विसरत नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये कॅथलीन वादळाच्या पावसाने सायतामा प्रांतात तोनेचा बांध फुटला, आणि तेथून निघालेले पाणी जुन्याच मार्गाने दक्षिणेकडे सरकत सरकत काही दिवसांनी टोकियोच्या पूर्वभागात येऊन पोहोचले. बांध फुटला एका प्रांतात आणि बुडाला दुसरा प्रांत. नगराच्या रक्षणाची तटबंदी नगराच्या कितीतरी बाहेर आहे, हा धडा टोकियोला असा मिळाला.

त्या पूर्वभागाची भूमी कारखान्यांच्या विहिरींमुळे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच खचत आलेली होती. कोतो या विभागात तर ती काही ठिकाणी चार मीटरहून अधिक खाली गेली आणि भरतीच्या पातळीखाली लाखो लोकांची वस्ती निर्माण झाली. उपसा हेच खचण्याचे कारण की आणखी काही, याबद्दल पुष्कळ वाद होता, आणि तो वाद एका अघटित प्रयोगाने मिटवला. महायुद्धाच्या अखेरीस बाँबहल्ल्यांनी कारखाने उद्ध्वस्त झाले, पंप थांबले आणि भूमीचे खचणेही जवळजवळ थांबले. युद्धोत्तर काळात कारखाने उभे राहिले तसे खचणेही पुन्हा सुरू झाले. यानंतर शंकेला जागा उरली नाही. १९५६ मध्ये औद्योगिक उपशावर आणि १९६२ मध्ये मोठ्या इमारतींच्या उपशावर नियंत्रण घालणारे कायदे झाले. तथापि केवळ मनाईहुकूम काढून तहान भागत नाही, हे ओळखून कारखान्यांना पर्यायी पाणी देण्याची तजवीज त्याच वेळी करण्यात आली. वर गुन्मा प्रांताच्या डोंगरांत धरणे बांधली गेली, १९६५ मध्ये तोनेचे पाणी अराकावा नदीत आणणारा मुसाशी कालवा वाहता झाला, आणि डोंगरातील पावसाने किनाऱ्यावरील विहिरींची जागा घेतली. १९७० च्या दशकात खचणे जवळपास बंद पडले.

पुढे एक गमतीची अडचण उद्भवली. उपसा थांबल्यामुळे भूजलाची पातळी इतकी वर आली, की पाणी खोल गेले असताना बांधलेली भुयारी रेल्वेस्थानके त्या दाबाने वर उचलली जाण्याची भीती निर्माण झाली. उएनो आणि टोकियो या स्थानकांचे तळ लोखंडाच्या वजनाने आणि खाली टणक थरात रोवलेल्या नांगरांनी जखडून टाकावे लागले. पूर्वी ज्या नगरात भूमी खाली जाते म्हणून अभियंते चिंतातुर होते, त्याच नगरात वास्तू वर येतील म्हणून त्यांनी बंदोबस्त करावा, यापेक्षा यशाचा बोलका दाखला दुसरा कोणता असेल? खचलेली भूमी मात्र वर आली नाही. म्हणून सायतामातील कासुकाबे येथे १९९३ ते २००६ या काळात जमिनीखाली सुमारे पन्नास मीटरवर ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. लहान नद्यांना पूर आला की त्यांचे पाणी पाच प्रचंड कूपांतून या बोगद्यात उतरते, एकोणसाठ खांबांवर तोललेल्या १७७ मीटर लांबीच्या एका भूमिगत दालनात विसावते आणि तेथून दर सेकंदाला दोनशे घनमीटरपर्यंत या वेगाने एदो नदीत सोडले जाते. प्रवासी हे दालन पाहून थक्क होतात ते त्याच्या आकाराने. विचार करणाऱ्याने अधिक लक्ष द्यावे ते हे की, ते टोकियोत नसून शेजारच्या प्रांतात आहे.

पाण्याची पंचायत

हद्दींचा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत मुळातून सोडवला तो नेदरलँड्समधील लोकांनी. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग आणि उट्रेख्ट ही चार मोठी नगरे, त्यांच्या मधली लहान गावे आणि सर्वांच्या मध्यभागी राखलेला कुरणांचा हिरवा पट्टा, असा तेथील नगरप्रदेश असून त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. या प्रदेशात तेराव्या शतकापासून जलमंडळे अस्तित्वात आहेत; लायडन परिसरातील ऱ्हाइनलंड मंडळाला हॉलंडच्या काउंटची सनद १२५५ मध्ये मिळाली. या मंडळांची हद्द गावांवरून वा सरदारांच्या जहागिरींवरून ठरत नसे, बांध आणि पाटचाऱ्या ज्या भूमीचे पाणी एकत्र काढीत त्या भूमीवरून ठरे. ज्याची जमीन बांधाआड त्याने बांधाचा खर्च उचलावा, आणि ज्याने खर्च उचलला त्याला कारभारात मत असावे, असा त्यांचा शिरस्ता. खानदेशात पांझरेच्या बंधाऱ्यांवर फडपद्धतीने पाणी वाटून घेणारे शेतकरी आणि त्यांचे पंच ज्यांनी पाहिले वा वाचले आहेत, त्यांना या व्यवस्थेतील न्याय वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आजही ही मंडळे स्वतःचा कर स्वतः वसूल करतात आणि त्यांच्या निवडणुका स्वतंत्रपणे होतात.

एवढी जुनी व्यवस्था असूनही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचे वादळ नैर्ऋत्येकडील बांधांवर कोसळले आणि १,८३६ माणसे प्राणास मुकली. त्या रात्रीचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. रॉटरडॅमच्या पूर्वेस होलंडसे आयसेल नदीच्या काठी ख्रूनेंडाइक नावाचा एक बांध आहे. त्याच्या पाठीशी देशातील सर्वांत सखल भूमी आणि सुमारे तीस लाख लोकांची वस्ती. पहाटेच्या सुमारास या बांधाला भगदाड पडू लागले. वाळूच्या गोण्या पुरत नव्हत्या, वेळ तर मुळीच नव्हता. तेव्हा जवळच्या गावच्या नगराध्यक्षाने नदीवरचे एक मालवाहू गलबत ताब्यात घेतले आणि त्याचा तांडेल आरी एव्हेग्रून याने ते प्रवाहात वळवून नेमके भगदाडाच्या तोंडाशी आडवे नेऊन बसवले. पाण्याच्याच जोराने गलबत बांधाला चिकटून दरवाजासारखे घट्ट बसले आणि दक्षिण हॉलंड वाचला. या कथेतील शौर्य निर्विवाद आहे. पण तीस लाख लोकांचे जीवित एका गलबताच्या नेमकेपणावर अवलंबून राहावे, ही त्या व्यवस्थेची नामुष्कीही तितकीच निर्विवाद होती. १९५० च्या सुमारास देशात अडीच हजारांहून अधिक लहानमोठी जलमंडळे होती, त्यांतील कित्येकांना आपापल्या बांधाची डागडुजीही परवडत नव्हती. पुढील दशकांत त्यांचे विलीनीकरण होत आज ती अवघी एकवीस उरली आहेत. याच काळात खाड्यांच्या मुखांवर धरणे व दरवाजे उभारले गेले आणि १९९७ मध्ये रॉटरडॅमच्या जलमार्गावर, एरवी जहाजांना वाट मोकळी ठेवून वादळाच्या वेळीच मिटणारा, दोन अजस्र बाहूंचा दरवाजा बसवण्यात आला.

मात्र या लोकांच्या शहाणपणाची खरी खूण त्यानंतर दिसली. १९९५ मध्ये समुद्र शांत असताना नद्या फुगल्या आणि अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा बांध आणखी उंच करण्याचा सोपा मार्ग सोडून, नद्यांना पसरण्यास जागा परत देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. नायमेखन येथे बांध साडेतीनशे मीटर मागे हटवण्यात आला. ब्राबंट प्रांतातील ओव्हरडीप या सखल पट्ट्यात महापुराचे पाणी घेण्याचे ठरले तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी स्वतःच पर्याय मांडला: आमची घरेगोठे उंच टेकाडांवर नव्याने बांधून द्या, आम्ही येथेच राहू आणि वेळ आली तर शेतात पाणी घेऊ. आठ शेतघरे त्याप्रमाणे टेकाडांवर उभी राहिली. वरच्या नगरांचे रक्षण व्हावे म्हणून खालच्या शेतकऱ्याने आपले शिवार पुराला द्यायचे, तर त्याचा मोबदला आधी ठरला पाहिजे आणि योजना आखताना तो तेथे हजर पाहिजे, एवढे साधे हे तत्त्व. पण ते अमलात आणण्यासाठी सात शतकांची सवय लागते.

खोऱ्याशी तहनामा

ज्यांना अशी परंपरा लाभली नाही त्यांना ती करारमदार करून निर्माण करावी लागते. न्यूयॉर्कने आपले पाणी १८४२ पासून दूरदूरच्या डोंगरांतून आणले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅट्स्किल पर्वतात जलाशय बांधताना तेथील कित्येक गावे पाण्याखाली घातली. त्या डोंगराळ मुलखात नगराविषयीची अढी पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. पुढे केंद्र सरकारच्या नव्या नियमांमुळे हे पाणी गाळण्यासाठी प्रचंड केंद्र उभारण्याचा प्रसंग आला, आणि त्याचा खर्च सहा ते आठ अब्ज डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज निघाला. तेव्हा नगराने हिशेब मांडून पाहिला: पाणी घाण झाल्यावर गाळण्यापेक्षा ते मुळात घाण होऊ न देणे कितीतरी स्वस्त. १९९७ मध्ये नगर, राज्य, केंद्रीय पर्यावरण खाते, पर्यावरणवादी संस्था आणि डोंगरातील गावे यांच्यात एक विस्तृत करार झाला. त्यान्वये नगराने गावांतील मैलाटाक्या दुरुस्त करून दिल्या, गोठ्यांतील शेणखत ओढ्यात जाऊ नये म्हणून साठवणीची सोय करण्यास शेतकऱ्यांना पैसा दिला, आणि जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, सक्तीने नाही, हे कलम मान्य केले. पूर्वी ज्यांची गावे हुकमाने बुडवली त्यांच्याशीच नगराला वाटाघाटीस बसावे लागले, यात भूतदयेपेक्षा व्यवहार अधिक होता. आणि म्हणूनच हा तह टिकला.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला केपटाउनवर हीच वेळ अधिक कठोरपणे आली. तीन वर्षे पाऊस हुलकावणी देत राहिला आणि २०१८ च्या आरंभी सगळ्या नगराचे नळ बंद करण्याचा दिवस समोर दिसू लागला. माणशी दररोज पन्नास लिटरचे बंधन घालण्यात आले आणि नागरिकांनी ते बव्हंशी पाळले. पण त्याच फेब्रुवारीत डोंगरापलीकडील फळबागांच्या शेतकऱ्यांनी आपल्या संघाच्या धरणांतून सुमारे दहा अब्ज लिटर पाणी नगरासाठी सोडले, याची आठवण नगरात तितकीशी ठेवली जात नाही. दुष्काळात नगराला जीवदान मिळाले ते स्वतःच्या संयमामुळे, तसेच खोऱ्याच्या औदार्यामुळे. औदार्य दर दुष्काळात मिळेलच असे नाही, आणि त्यासाठीच आधी तहनामा हवा.

जकार्ताने तिसराच मार्ग पत्करला आहे. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील या महानगरातून तेरा नद्या समुद्राला मिळतात. त्या उगम पावतात बोगोर परिसराच्या डोंगरांत, आणि ते डोंगर दुसऱ्या प्रांताच्या अखत्यारीत. नळाचे पाणी सर्वांना न पुरल्यामुळे घरे, हॉटेले आणि कारखाने भूजल उपसत राहिले, आणि नगराच्या उत्तर भागातील काही वस्त्या चार मीटरपर्यंत खचून समुद्राच्या पातळीखाली गेल्या. संरक्षक भिंतीच्या एका अंगाला मशिदीचे बुडालेले अवशेष आणि दुसऱ्या अंगाला पाण्याच्या पातळीहून खाली असलेली घरे, असे दृश्य तेथे दिसते. २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याचा निर्णय जाहीर केला. दप्तरे आणि मंत्रालये हलवता येतील. पण जकार्ता आणि तिच्या उपनगरांतील सुमारे तीन कोटी लोक कोठे जाणार? राजधानी हलवणे म्हणजे संकटातून राज्यकर्त्यांची सुटका करणे. नगराची सुटका उपसा थांबवूनच व्हायची आहे, आणि ती कशी होते हे टोकियोने अर्धशतकापूर्वीच दाखवून ठेवले आहे.

सह्याद्री आणि किनारा

गेडीस यांनी ज्या नगरात पाच वर्षे अध्यापन केले त्या मुंबईला त्यांचे छेदचित्र तंतोतंत लागू पडते. १८६० मध्ये विहार तलाव झाला तेव्हा नगराचे पाणी साष्टी बेटातच होते; १८९२ मध्ये तानसा, त्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडकसागर, पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, असे करीत मुंबईचा हात सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जलवाहिन्यांनी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मेक्सिकोतील मासावा स्त्रियांचे गाऱ्हाणे आणि शहापूरच्या पाड्यांचे गाऱ्हाणे यांत भाषेखेरीज अंतर नाही.

पुराचा हिशेबही असाच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा दक्षिणेकडील कुलाब्यात तो अवघा ७३ मिलिमीटर होता; विहार आणि पवई यांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीने त्या दिवशी आपली सारी पूररेषा परत मागितली. त्या दिवसानंतर नगराच्या हद्दीत पंप बसले, नाले रुंद झाले, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. परंतु मुंबईचा नगरप्रदेश आता नऊ महानगरपालिकांत विभागला आहे, आणि त्याची मोठी नदी मिठी नसून उल्हास आहे. कर्जतच्या वरून येणारी ही नदी बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगरच्या बाजूने कल्याणकडे जाते. जुलै २०१९ मध्ये तिच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या नदीच्या काठी कोणत्या गावाने किती भराव घालावा, हे ठरवणाऱ्या कचेऱ्या अनेक आहेत. उगमापासून खाडीपर्यंत सारी उल्हास जिच्या दप्तरी एकत्र आहे आणि जिला भराव थांबवण्याचा अधिकार आहे, अशी कचेरी नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण मेट्रो आणि पूल बांधण्यात गुंतलेले असते. खोऱ्याचा कारभारी होणे हे त्याचे मुख्य काम कधी झालेच नाही.

येत्या अर्धशतकात समुद्र वर येईल, पाऊस अधिक लहरी होईल, आणि जगातील प्रत्येक किनारी नगराच्या पुढाऱ्यांना भिंती, दरवाजे आणि बोगदे यांची रेखाचित्रे दाखवली जातील. त्यांतील काही आवश्यकच ठरतील. कासुकाबेचा बोगदा आणि रॉटरडॅमचा दरवाजा यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु टोकियोची भूमी स्थिरावली ती बोगद्याच्या आधी, डोंगरातील पाणी आणि किनाऱ्यावरील मनाई यांची एकत्र सांगड घालणाऱ्या कारभारामुळे. आणि रॉटरडॅमच्या दरवाजामागे बांधांचा खर्च सोसणारी व कारभाराबद्दल जाब विचारणारी जुनी पंचायत उभी आहे. ज्या नगरापाशी असा कारभार नाही त्याची भिंत शेजाऱ्याच्या शिवारात पाणी ढकलण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि ते पाणी वळसा घालून परत येते. म्हणून एखादे नगर तग धरील की नाही हे ज्याला अजमावायचे असेल त्याने त्याच्या भिंतींची उंची मोजण्याच्या आधी त्याचे अंदाजपत्रक मागवावे, आणि नगराच्या हद्दीबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गावांसाठी त्यात किती रक्कम मांडली आहे आणि ती कोणाच्या संमतीने खर्च होते, ते रकाने प्रथम वाचावेत.